चौथी फेरी

लेउनिसने कोंबड्या हाकलल्या, पेंढा उपसला,
आणि खालून ती निघाली:
सैन्याने टाकून दिलेली, पट्ट्यांवर चालणारी,
पाण्यात उतरली तर तरंगणारी,
निदान तशी ख्याती असलेली.
वीझल. नाव एका चपळ जनावराचं,
अंगावर मात्र सत्तर वर्षांची शीट.

"हिला पोहायला लावू," तो म्हणाला.
मी वेल्डर. आधी हातोडीने तळ ठोकून पाहिला.
ठण्ण वाजलं तिथे खडूने गोल,
भसकन आत गेलं तिथे फुली.
फुल्याच जास्त.

अकरा हिवाळे.
पट्ट्यांचं रबर बिस्किटासारखं मोडायचं,
नवं नॉर्वेहून आलं, दोनदा चुकीचं.
एक सुकाणू सापडलं,
दुसरं मी पत्र्यातून कापलं, जरा वाकडंच.
तळाच्या दोन पत्र्यांमधून समुद्र निघाला,
शिंपले, चिकट वाळू, मिठाच्या खपल्या,
आणि लोकरी हातमोज्याचा एक अंगठा,
लहान मुलाचा.
तो त्याने खिळ्यांच्या डबीत ठेवला.
खिळे काढून.

त्रेपन्न साली, बांध फुटला त्या रात्री,
त्याच्या बापाने हिच्यातून तीन फेऱ्या केल्या.
सतरा माणसं, एक वासरू.
पहिल्या फेरीत सहा वर्षांचा लेउनिस होता.
चौथ्या फेरीला बाप निघाला तेव्हा
कोपेयानांच्या छपरावर पाच जण होते
आणि त्यांच्यात एक कंदील.
"इंजिन बंद पडलं," बाप सांगायचा.
तीन शब्द, पुढे तीस वर्षं तेवढेच.
गाव मान डोलवायचं, डोळे बुटांवर ठेवून.
चर्चमध्ये त्याच्या शेजारी
नेहमी एका माणसाची जागा सुटलेली असायची.
कंदील किती वेळ हलत होता
हे लेउनिसने कधी सांगितलं नाही.
बांधावरून तो दिसतो, एवढं मला ठाऊक आहे.
मी तिथे उभी राहून पाहिलंय.

इंजिन उघडलं.
आठ दिवस डिझेलमध्ये भिजल्यावर
सहाही पिस्टन निमूट हलले.
टाकीच्या तळाशी पेट्रोलचा डिंक:
म्हणजे पेट्रोल होतं.
कार्बोरेटरची सुई सरकत होती.
एकेक भाग पुसून तो फडक्यावर मांडायचा,
चष्मा कपाळावर, मग नाकावर, मग कपाळावर.
"बिघडलं काय होतं, तान्नेके?"
मी म्हणाले, मीठ. मीठ कुठेही शिरतं.
त्याने मान डोलावली,
अगदी गावासारखी.

मे महिन्यात, पाणी संथ असताना, खाडीत उतरवली.
पट्टे पाणी कालवू लागले.
एक बदक आमच्या पुढे गेलं,
मागे वळून बघत, पुन्हा पुढे गेलं.
लाल बोयाच्या पलीकडे
एक लाट पुढच्या फळीवरून आत आली.
ती खोकली. परत खोकली.
थांबली.

मग नुसतं पाण्याचं लपलप.
वारा आम्हाला तिरकं नेत होता.
लेउनिसने सुकाणूचा दांडा सोडला,
हात मांडीवर ठेवले, ओले, काळे,
आणि हसला.
थोड्या वेळाने ते हसणं राहिलं नाही.
"पडतं," तो म्हणाला.
"बघ ना. बंद पडतं."

काठावर ट्रॅक्टरवरची पोरं दोर फेकत होती,
दर वेळी हातभर कमी पडत होता.
मी डब्याने पाणी उपसत राहिले, त्याच्याकडे पाठ करून.

डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली
एक रबरी कडं बसतं,
जेमतेम बांगडीएवढं.
ते सकाळपासून माझ्या कोटाच्या खिशात आहे.

उद्या बसवीन.