अर्धी मात्रा

कार्यक्रम संपून तास झाला तरी
बेलापूरला, भुर्जीच्या गाडीपाशी आम्ही सात जण.
केस विरळ, टी-शर्ट तेच,
'खाडीपूल'चे, सत्त्याण्णव सालचे, पोटावर ताणलेले.

गजेंद्र म्हणतो, पोरगी पिकने वाजवते, बोटांनी नाही.
सुलेमान म्हणतो, तू बेस ऐकलास कधी?
तू तर गिटारवाल्याची झुलपं बघायला यायचास.
भुर्जीवाला विचारतो, कोण वारलं?
कोणी नाही रे. मेल्विन कॅनडाला गेला, लेकीकडे.

मी गप्प.
चौथ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
मेल्विन अर्धी मात्रा उशिरा यायचा.
सव्वीस वर्षं.
ड्रमवाला शिव्या घालून थकला,
मग थांबायला शिकला,
मग आम्हीही.

आज ती वेळेवर आली
आणि अख्खा हॉल, हात वर करून,
मागे राहिला.

आता गाडीपाशी येते, पाठीवर बेस,
तिच्या डोक्याच्याही वर गेलेला.
"दादा, एक डबल, तिखट."
मग आमच्या टी-शर्टांकडे बघत,
"चौथ्याला तुम्ही सगळे कुठं गेला होतात?"

गजेंद्र स्टूल सरकवतो.
कांदा जास्त घाल, म्हणतो.