टाके

रात्री अकराला मैनोद्दीनभाईंनी कडी वाजवली.
खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात सुरमी.
म्हणाले, "शकूबाई, मशीन नको, नुसती सुई घ्या."

मन्याडकाठच्या उसात शिरलं होतं डुक्कर,
एकटं फिरणारं, सुळ्याचं.
तिला शिकवलं होतं सगळं:
कान धरायचा, मानेला चिकटून ऱ्हायचं,
तोंडापुढं उभं ऱ्हायचं नाही.
दोन वर्षं गायरानात भाई फटकूर ओढत पळाले,
ही मागं,
फटकुराला कान म्हणून जुन्या चपलेचा अंगठा.

पण उसात पाठ कुठली अन् तोंड कुठलं.

डॉक्टर अहमदपूरला, तेही सकाळी.
मी सुई चिमणीवर धरली.
बॉबिनला जांभळा दोरा होता
तोंडारेबाईच्या ब्लाउजचा.
दुसरं रीळ शोधायला वेळ नव्हता.

रोज कंबरा मापते मी.
अशी कंबर नाही पाहिली,
माझ्या दोन पंजांत मावली,
आणि वर ती कारवानी छाती,
आतून कुणीतरी दार ठोठावतंय असली.
सतरा टाके. काजाचे घातले, उसवू नयेत म्हणून.
ती नाही कण्हली.
भाईच ओरडले, "हळू!"
आणि खाली बघत बसले.

दातांत अडकलेला एक केस काढला मी.
राठ, काळा, टोकाला दुभंगलेला.
डुक्कर कुठं गेलं, विचारलं.
"गेलं. वगळीपर्यंत रगत होतं.
त्याला कोन टाके घालतंय."

सहज म्हणाले. मला रात्रभर पुरलं.

माघात पुण्याची गाडी आली.
त्यांना शिकार नको होती,
प्रदर्शनात उभी राहील अशी पाहिजे होती.
दात बघितले, शेपटीचा बाक बघितला,
उभं करून फोटो काढले चारी बाजूंनी.
मग कुशीवर बोट ठेवलं, "हे काय?"
तिथं केस उगवलेच नव्हते.
भाव निम्म्यावर आला.
भाई म्हणाले, "काज हाय साहेब.
बटन डुकराकडं ऱ्हायलं."
आणि साखळी सोडून घरात गेले.

आता ती दुपारी माझ्या दुकानात येते.
कात्रीखालच्या चिंध्या उचलते,
नेऊन पिल्लांपुढं टाकते, ओढते,
पिल्लं मागं.
नेमकं काय शिकवते, ठाऊक नाही.

तो केस बटनांच्या डबीत आहे.
हूक शोधताना अजून टोचतो.