शनिवारचा स्वेटर

वडगावातून चालतच जातो आम्ही बाजाराला.
रिक्षाच्या पैशांत एक वस्तू येते, असा माझा हिशोब.
पिशवीत पिशवी, तिच्यात तेलाची स्टीलची किटली,
आणि नम्रता माझ्या चार पावलं मागं,
वर्गातलं कोणी भेटू नये म्हणून मान खाली.

भाजीच्या पल्याड, ताडपत्रीवर
लोकांच्या कपड्यांचा ढीग.
"एष्टु?" मी विचारते. तेवढं कन्नड येतं मला,
आकडे आणि भांडण.
म्हातारी म्हणते, ऐवत्तु.
मी म्हणते, मूवत्तु.
ती कन्नडमध्ये वैतागते, मी मराठीत,
नलवत्तुवर दोघी एकदमच हसतो.

निळा स्वेटर. शाळेचाच निळा, किंचित विटलेला.
डाव्या कोपराला भोक,
खिशात एक चिंचोका
आणि बारीक घडी घातलेलं बसचं तिकीट.
दुकानात हाच साडेसहाशेला,
वर करकरणारी प्लास्टिकची पिशवी फुकट.

घरी आलो तर दप्तरातनं प्रोजेक्ट निघालं.
"माझे कुटुंब पर्यावरणासाठी काय करते?"
दहा ओळी, शिवाय थर्माकोलवर एक झाड.
नम्रता पेन चावत बसली.
काय लिहू गे? आपण तर काहीच करत नाही.

दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळत होत्या.
न्हाणीचं पाणी अळवाकडं चाललं होतं.
मागच्या दिवाळीतल्या कुंद्याच्या डब्यात
मी सुई शोधत होते.
काहीच करत नाही असं लिही की, मी म्हटलं,
थर्माकोल तेवढा मी आणणार नाही.
शेवटी तिच्या बाबांनी झाड केलं,
मागावरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचं.
उभं केलं की डावीकडं कलायचं.

जेवणं झाल्यावर स्वेटर उलटा केला.
गळ्याच्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्यानं काहीतरी शिवलेलं.
मला वाटलं, कंपनी असेल.
नम्रतानं वाचलं. तिला शाळेत शिकवतात.
स. ह. ना.
सहन करणारी काय? मी विचारलं.
नाही गे, नाव आहे. धीर, असा अर्थ.

मी ब्लेड घेतलं.
टाका दुहेरी, उलट फिरवून घातलेला,
धुण्यात सुटू नये म्हणून.
गाठ पट्टीच्या पोटात सरकवलेली,
पोरीच्या मानेला टोचू नये म्हणून.
असा टाका घालणारीला वेळ नसतो,
हे मला कोणी सांगायला नको.
तरी एक अक्षर उसवलं. "ना" गेलं.

तेव्हा दिसलं, त्याच्याखाली
आणखी भोकं होती. सहनाच्याही आधीच्या कुणाची तरी.
दोरा काढून टाकलेला,
सुई गेली ती वाट तेवढी उरलेली.
पट्टी बल्बसमोर धरली.
नम्रता एक डोळा मिटून बघत राहिली.
कन्नड की मराठी, काही लागेना.
तीन अक्षरं असतील. किंवा दोन, आणि एक वेलांटी.

ब्लेड डब्यात ठेवलं.

आता नुसतं "सह" राहिलं, ती म्हणाली.
कन्नडमध्ये "सह" म्हणजे काय माहीत आहे?
"सुद्धा". मी सुद्धा, तू सुद्धा, तसं.
आणि आपल्यात?
झोप आता, मी म्हटलं. सकाळी पाणी सुटायचंय.

कोपराला मात्र रफू हवंच होतं.
निळा दोरा घरात नव्हता.
रात्रपाळीतनं खिशात आलेलं चिंतामणी सूत होतं,
कुणाच्या तरी साडीचं, काठ संपल्यावर उरलेलं.
त्यानंच भरलं.
उठून दिसतंय. दिसू दे.

बाह्या दोन बोटं लांब आहेत.
दुमडून दोन थंड्या निघतील.