नऊ सेंटिमीटर

धुळ्यात, चौथ्या गल्लीत, आमच्या दुकानात
आजवर बिल्ले झाले ते असे:
राखीव पोलिसांचे, तीन शाळांचे, होमगार्डचे,
आणि एका बँडवाल्याचे,
ज्यानं 'न्यू भारत'मधला 'भा' उलटा लागला तरी
लग्नसराई संपेपर्यंत तक्रार केली नाही.

मग बंगळुरूहून एक बाई फोनवर म्हणाल्या,
तीन माणसं वर जाणार आहेत.
वर म्हणजे कुठं, हे विचारायला
मला जरा वेळ लागला.

मागाहून अठरा पानं आली.
वर्तुळ नऊ सेंटिमीटर. कापड पेट न घेणारं,
मोजून चार तुकडे, पाचवा मिळणार नाही.
आणि तांबड्या शाईत: एकही सुटा धागा नको.
तिथं धागा खाली पडत नाही,
तरंगत राहतो, कुणाच्या तरी श्वासात जातो.

हे जुबेरला वाचून दाखवलं.
त्यानं कात्री ठेवली
आणि दुकानाची फरशी पहिल्यांदाच दिसावी तशी बघितली.
चाळीस वर्षांचे धागे. सगळे पडलेले.

चित्र लवकर जमलं नाही.
रॉकेट मक्याच्या कणसासारखं झालं.
ज्वाळा काढल्या तर बाई म्हणाल्या,
हे निवडणुकीचं चिन्ह वाटतंय.
लळिंगचा किल्ला मी गुपचूप काढला
आणि गुपचूपच खोडला.
शेवटी फक्त पृथ्वीची कड ठेवली, वर काळं,
आणि विचारलं, मधली हवा किती जाड दाखवू?
फोनमध्ये पेन खरखरलं.
तुमच्या मापात? एक धागा. फार तर दोन.

मी एकच घातला. निळा.
मे महिना, पंचेचाळीस अंश, लाइट गेलेली,
हातानं टाके घालत दाराशी बसले होते
आणि त्या एका धाग्यात
पांझरा, आग्रा रोड, समोरचा रसवंतीवाला, त्याचं घुंगरू,
जुबेरची खोकणारी आई
सगळं बसवायचं होतं.

काठावर नावं पिवळ्यात:
पणिक्कर. ग्रेवाल. बोरगोहाईं.
चारही तुकडे झाले, इस्त्री झाली, डब्यात गेले.

अकरा दिवस उरले असताना
ग्रेवालच्या कानात काहीतरी निघालं.
त्या जागी दास, बाई म्हणाल्या,
आणि थोडं थांबून, सॉरी,
जणू कान माझाच होता.

उसवलं. चार वेळा एकच नाव.
'ग्रे'ची मात्रा शेवटपर्यंत सुटेना.
अण्णांना आता दिसत नाही, बोटांनी बघतात.
कापडावरून अंगठा फिरवला नि म्हणाले,
आठे कोन व्हतं?
मी काही बोलले नाही.
नाव उसवता येस बेटा, म्हणाले,
छेद उसवता येत नही.
आणि चहा मागितला.

दास म्हणजे दोनच अक्षरं.
शेजारी जागा उरली, सगळी सुईनं भोसकलेली.
तिथं मी एक तारा घातला, पाच टोकांचा, दाट.
तिकडून लगेच पसंती आली.
तारा कशाचं प्रतीक, हा रकाना भरायचा होता.
मी लिहिलं, दिशा.
खोटं नव्हतं तसं.

उसवलेले तुकडेही मोजून परत पाठवायचे, असा नियम.
चिमट्यानं उचलून मोजायचे, पुडीत भरायचे.
उसवताना पाटीवर आकडा लिहिला होता, एकशे त्रेसष्ट.
पुडीत भरले एकशे बासष्ट.
जुबेरची बाही झटकली, माझे केस विंचरले,
अण्णांची उशी, मशीनचं पोट, चहाचा गाळ.
मग मी फोन करून खरं सांगितलं:
एक आमच्या जमिनीवर आहे.
इथं धागा पडतो.
बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, चालेल.

उड्डाणाच्या सकाळी
जुबेर झाडू घेऊन उभा राहिला.
म्हटलं, आज नको.