माया

जुफेरच्या मागल्या गल्लीत माझं दुकान.
एकवीस वर्षं त्यांच्या छातीवरची नावं शिवतोय,
खिशाच्या वर, सरळ रेषेत.
ओर्टेगा. हॉलबर्ग. प्रुइट.
इंग्रजी मला तेवढंच येतं, आडनावांपुरतं.

फेब्रुवारीत चाळीस पट्ट्यांची ऑर्डर होती,
न्यायला कुणी आलंच नाही.
गोदीतली मोठी बोट गेली, पाववाला म्हणाला.
एक गेली की दुसरी येते, हे आम्हाला पाठ.
या वेळी जागा मोकळीच राहिली, पाणी हलत राहिलं.
चाळीस नावं ड्रॉवरमध्ये, बटणांच्या डब्याशेजारी.

घरमालक हाजी खलफ भाड्याला येतात
आणि भाड्याचं बोलतच नाहीत हल्ली.
“तू त्यांचे कपडे शिवतोस. तुला काय वाटतं, जातील?”
मी काय सांगणार?
कंबरा वाढल्या त्यांच्या, एवढं सांगू शकतो.

नातू फोनवर वाचून दाखवत होता:
तिकडच्या राजधानीत नवं धोरण छापून आलंय.
जुन्यात आपण पहिल्या पानावर होतो, मित्र म्हणून.
नव्यात पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.
मी मनात त्याचं मराठी केलं: टीप.
आणि हसू फुटलं.
टीप मारली की कापड धरतं,
मामानं चिपळूणच्या दुकानात शिकवलेलं.
इथं तर पन्नास वर्षं कच्चा टाका होता नुसता
आणि सगळं गाव तो सदरा घालून मिरवत होतं,
मीसुद्धा.

हाजींना हसू आलं नाही.
“इंग्रज निघाले तेव्हा मी बापाचं बोट धरून धक्क्यावर होतो.
बोटी आधी गेल्या.
पत्र नंतर आलं.”
चहावर साय धरली होती.

काल नातू एकटाच आला. दुएज.
काखेत वाळूच्या रंगाचा तागा,
तटरक्षकांत भरती झालाय.
“नाव अरबीत घाला चाचा. आता आमचं आम्हीच.”
वय एकोणीस. गळा साडेतेरा.
टेप लावली तेव्हा घाटी वर गेली, खाली आली.
हात वर कर म्हटलं तर दोन्ही केले,
शरण आल्यासारखे,
मग स्वतःच ओशाळून हसला.

छाती अजून भरायचीय पोराची.
खडूची रेघ मी बाहेरून ओढली,
दोन्ही कुशींना दीड दीड इंच माया सोडली.
पुढं कधी उसवून मोठा करायला लागेल,
लागो.

गुरुवारी ये, म्हटलं.