पोटमाळ्यावरून

रबाळ्याच्या गाळ्यात लोखंडी जिना चढून
पोटमाळ्यावर माझी काचेची केबिन.
एकवीस वर्षं मी इथे हिशेब लिहिते
आणि खाली यांचे लेथ फिरतात.
बुश, पिन, फ्लँज :
ही नावं मी आधी बिलावर लिहिली,
वस्तू हातात घेऊन पाहिल्या त्या बऱ्याच नंतर.

प्रणिता शाळेतून थेट इथेच यायची,
काचेला नाक लावून डबा खायची.
जुन्या लेथवर पितळेची एक पट्टी होती,
पश्चिम जर्मनीत बनल्याची.
चौथीत असताना तिने मला सांगितलं,
आई, हा देश आता नसतो.
मशीन मात्र असायचं. सकाळी आठला सुरू.

गेल्या वर्षी तिने फॉर्म भरला
तिकडच्या तांत्रिक विद्यापीठाचा,
पण इंजिनीयरिंगसाठी नाही.
त्याच्या आतच एक व्यवसायाची शाळा आहे म्हणे.
आत म्हणजे?
म्हणाली, खालच्या मजल्यावर टर्बाइन
आणि वरच्या मजल्यावर ताळेबंद.
एवढंच ना, मी म्हटलं, मग विमान कशाला?
जिना आहे की.

ती हसली नाही.
तिने ते लिहून घेतलं.

अर्जासोबत पत्र हवं होतं त्यांना,
व्यापार शिकायचा तर यंत्रांच्या घरात का?
सहा वेळा खोडलं. सातव्या खेपेला त्यात मी होते.
‘माझी आई आवाजावरून ओळखते
की टूल बोथट झालंय.
नाझीरभाई सांगायला जिना चढून येईपर्यंत
तिच्या वहीत खर्च पडलेला असतो.’
मी म्हटलं, किती ते पण लिही. तीनशे चाळीस.
आकडा नसला की लोकांना खरं वाटत नाही.

तिकडून हो आलं.
मग एक खातं उघडायचं होतं :
आपलेच पैसे आपणच भरायचे
आणि आपल्यालाच काढता येणार नाहीत,
महिन्याला ठरलेले तेवढेच सुटणार.
असलं खातं मी आजवर लिहिलं नव्हतं.
साडेबारा टक्क्यांतला घणसोलीचा तुकडा
दिरांच्या वाटणीत केव्हाच गेलेला.
हे रात्री जेवताना म्हणाले,
‘नवी मशीन घेतली आसती तं घसारा तरी मिलाला आसता.
पोरीचा घसारा कंच्या खात्यान लिवाचा?’
आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले.

पुस्तकात जुन्या लेथची किंमत उरली होती
चार हजार दोनशे सत्तर.
वसईच्या माणसाने सव्वातीन लाख दिले.
बाकीचे बँकेने.
फरक नफ्याकडे लिहायचा असतो, मी लिहिला.
हात कापला वगैरे काही नाही,
बेरीज मात्र दोनदा केली.
क्रेन आली त्या दिवशी
नाझीरभाईंनी कुणाला न विचारता चार स्क्रू काढले
आणि ती पट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली.
पंख्याने पावत्या उडतात, भाभी.

आता तिचा फोन येतो आमच्या दुपारी,
तिची सकाळ असते, दाराबाहेर सायकलींची रांग.
शिकवतात म्हणे, कारखान्यातला तोटा
कागदावर दिसायच्या आधी कुठे ऐकू येतो.
म्हणते, आई, फोन टेबलावरच राहू दे, तू तुझं काम कर.
मी व्हाउचर लावत असते.
काल मध्येच थांबली.
आई, टूल गेलंय बघ. जुन्या लेथचं.

आवाज शेजारच्या गाळ्यातून येत होता.
आमच्या गाळ्यात त्या जागी
फरशीवर तेलाचा एक चौकोन आहे,
रॉकेलने पुसला तरी जात नाही.

हो गं, मी म्हटलं. सांगते नाझीरभाईंना.
आणि पट्टी उचलून
खालची पावती काढली.