बरगड्या मागाहून

मुनाफ सारंगना एवढंच हवंय:
कोणतं गलबत, कोणत्या बंदराला, कधी,
आणि पोटात जागा किती.
बोसासो, बर्बेरा, बंदर अब्बास.
आजवर हे एका हिरव्या वहीत होतं.
वहीवर चहाचे डाग, डिझेलचे,
आणि एक असा, की त्याबद्दल ते बोलत नाहीत.

आमच्या ऑफिसात, शारजात, अकराव्या मजल्यावर,
पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने.
जिबिन रिअ‍ॅक्टचा. त्याचं नाव निघालं
की नव्या जावयासारखा सरसावून बसतो.
मरवाला अँग्युलर,
बँकेत सहा वर्षं तिने तेच नेसलं, धुतलं, वाळत घातलं.
मी जँगोची,
सांगलीतली पहिली नोकरी त्यानेच लावून दिली.
खरं सांगू? प्रोजेक्टचं कोणीच बोलत नव्हतं.
जो तो आपला मागचा पत्ता सांगत होता.

मॅनेजर दम्मामहून कॉलवर.
इथे उंट दिसतात ते चॉकलेटच्या डब्यांवर,
शेळ्या मात्र अजून त्यांच्यावरूनच हाकल्या जातात.
"उद्या दहा लाख लोक एकदम आले तर?"

दहा लाख.
मी खाडीवर जाऊन मोजून आले होते.
तेहतीस गलबतं. त्यातलं एक अर्धं बुडालेलं,
त्याच्यावर मांजर.

गुरुवारी जिबिनचा नमुना घेऊन धक्क्यावर गेले.
ऊन असं, की फोनच्या काचेत फक्त माझाच चेहरा.
फ्रीज, टायर, कांद्याच्या गोणी, प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि त्यांच्या सावलीत सलायाचा एक खलाशी
तडकलेल्या फोनवर आमचं पान उघडत होता.
गोल फिरत राहिलं.
फिरत राहिलं.
त्याने फोन उलटा करून पाहिला,
पापलेटचे कल्ले पाहावेत तसा,
आणि परत दिला. काही बोलला नाही.
एवढी स्वच्छ नापसंती
मला कुठल्याच मीटिंगमध्ये मिळाली नव्हती.

"सांगाडा कुठला घ्यावा, तेच ठरत नाही," मी म्हटलं.
मुनाफ सारंग गोण्या मोजत होते, मोजणी चुकली, वैतागले.
"आधी सांगाडा कशाला गो?
आमचे बाणकोटला आधी फळ्या जोडीत.
फळ्यांना वाक येई, पोट दिसे,
मग त्या पोटाला बघून बरगड्या कापीत."
पुन्हा एकपासून गोण्या.
मग, अर्ध्यातच:
"आता सगळं फायबरचं. साचा एकच.
तीही तरंगतात म्हणा."

उपमा सापडली म्हणून मी हुरळले,
आणि त्या शेवटच्या वाक्याने
ती माझ्या हातातून काढून घेतली.

रात्री खोलीत, रोवेना वरच्या पलंगावर झोपलेली,
मी आधी नुसती पानं लिहिली.
नाव, बंदर, तारीख, जागा.
एक तक्ता. करड्या रेघा.
नाखवा समुद्रात असला तर काय, ते लिहिलं.
तारीख हुकली तर काय. (हुकतेच.)
उर्दू उजवीकडून येईल, गुजराती डावीकडून.
पहाटे पोट दिसायला लागलं तेव्हा कळलं,
याला बरगड्या थोड्याच लागणार.
जँगोच घेतलं शेवटी.
जिबिन म्हणाला, तू आधीच ठरवलं होतंस.
असेलही.
मरवा हसली नाही, तिने फक्त
फळ्यावरचा आपला रकाना स्वतःच पुसला,
हळू, कोपऱ्यापर्यंत.
मॅनेजरला मी दहा लाखांचं उत्तर अजून दिलेलं नाही.

रविवारी धक्क्यावर तोच तडका फोन.
पान उघडलं. खलाशाने मानसुद्धा हलवली नाही,
सरळ बोसासोची जागा विचारली.

मुनाफ सारंगनी चष्मा लावून तक्ता वाचला.
एक ओळ, दुसरी, शेवटपर्यंत.
"बरोबर आहे," म्हणाले,
आणि खिशातलं पेन काढून
सगळं हिरव्या वहीत उतरवून घेतलं.